काळ्या काचेतली खाट

टण्ण...

भर दुपारच्या शांततेत फुलपात्र फरशीवर पडलं. गरगरत गेलं. भिंतीला टेकलं आणि गप्प झालं.

दीपाने मान वळवली नाही.

सगळी गोष्ट खरं तर या एवढ्याचीच आहे.

भूत म्हटलं की लोकांना अमावास्या लागते, पडकी विहीर लागते. इथे त्यातलं काहीच नाही. हे घडलं भिंगारला, दोन खोल्यांच्या साध्या क्वार्टरमध्ये, एकोणीसशे नव्व्याण्णवच्या मे महिन्यात, लख्ख उन्हात. आणि घडलंय हे नक्की. दीपा माझी मावसबहीण. तिने मला सांगितलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि तिचा हात... बर्फासारखा गार होता.

दीपाचा नवरा प्रशांत लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन नोकरीला. सासूबाई भागीरथी, मूळच्या जामखेडकडच्या. दीपा त्यांना आत्या म्हणायची. आत्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली आणि पोरं शिकवली. सून बी.एस्सी. आली तर त्यांना कोण आनंद! लग्नानंतर दीपाने नगरला कॉम्प्युटरचा क्लास लावायचा म्हटलं तेव्हा प्रशांत जरा का-कू करत होता. आत्याच म्हणाल्या, "जाऊ दे तिला. मी खुरपं धरलं, तिला ते मशीन धरू दे. पोराला मी बघते."

आणि त्यांनी बघितलंही. दीपाचा सम्राट त्यांच्याच मांडीवर वाढला.

मग आदल्या दिवाळीनंतर आत्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावं अंग गेलं. वाचा गेली.

उरला फक्त उजवा हात.

काही हवं असलं की आत्या तो हात वर करायच्या. पाणी हवं, हात वर. कूस बदलायची, हात वर. माशी बसली, हात वर. दीपा उठायची, बघायची, काय हवंय ते ओळखायची. खरंच मनापासून करायची हो. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही तिला वाईट म्हणाल. ती वाईट नव्हती. दमलेली होती.

त्या एप्रिलच्या शेवटी कसल्याशा व्हायरसने गावोगावचे कॉम्प्युटर झोपवले. दीपाच्या क्लासचेही गेले. क्लासचे मालक कानिफनाथ सर तिला म्हणाले, "मॅडम, आता लिनक्स टाकायचं. फुकट हाय, व्हायरसचा ताप न्हाई. पण घोडं अडलंय कुठं, पडद्यावर चित्रच येईना. नुसती काळ्यावर पांढरी अक्षरं. एक मशीन घरी न्या. चित्र आणून दाखवा. जूनच्या बॅचला तुम्हीच मास्तरीण."

तिची पहिली नोकरी!

अडलं होतं ते ग्राफिक्स कार्डापाशी. पडद्यावर चित्र काढणारं ते कार्ड, आणि त्याची भाषा कॉम्प्युटरला समजावून सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. कार्ड स्वस्तातलं, त्यावर धड नावही नाही. म्हणजे यादीतला एकेक ड्रायव्हर लावायचा आणि चाचणी घ्यायची. चाचणी घेतली की पडदा काळा पडायचा... क्षणभर वाट बघायची... चित्र आलं तर आलं. नाहीतर परत तीच पांढरी अक्षरं. मॉनिटरच्या वेगाचा आकडा चुकला तर तो बारीक किंचाळायचा. जळायचीही भीती.

प्रशांतची बहीण प्रज्ञा पुण्याला इंजिनिअरिंगला होती. तिने मासिकासोबत आलेली सीडी पाठवली आणि एसटीडी फोनवरून सांगितलं, "वहिनी, चिकाटी सोडू नकोस. एखादा ड्रायव्हर लागतोच."

टेबल दीपाने मुद्दाम असं मांडलं की तिची पाठ आत्यांच्या खाटेकडे येईल.

तुम्हाला उलट वाटेल. पण तिचं डोकं बघा. आत्यांची खाट खिडकीशी. खिडकीतून ऊन. पडदा काळा असला की मॉनिटरच्या फुगीर काचेत मागची सगळी खोली दिसायची. छोटीशी, वाकलेली, पण स्वच्छ. खिडकी, खाट, आत्या, त्यांचा हात. मान वळवायलाच नको. हात वर झाला की उठायचं.

प्रशांत हसला होता. "लई डोकेबाज हायस. आईवर पहारा काचेतून!"

आत्याही हसल्या होत्या, अर्ध्या तोंडाने.

त्या दुपारी सम्राट घरी नव्हता. हे नीट लक्षात ठेवा. शेजारच्या छबूबाई जेवणं झाल्यावर त्याला घेऊन गेल्या होत्या. "चल रे राजा, आमच्याकडं कैऱ्या राखायला. तुझी आई मशीन घेऊन बसली, आता तिला पोरगं दिसत न्हाई का नवरा," असा टोमणा मारून. सम्राट उड्या मारत गेला.

घरात दोघीच.

एक ड्रायव्हर झाला. काळा पडदा. काचेत आत्या, हात छातीवर. परत अक्षरं.

दुसरा. काळा पडदा. हात छातीवर. परत अक्षरं.

असं किती वेळ...

आणि मग आत्यांच्या उशाशी ठेवलेलं ते फुलपात्र पडलं. टण्ण...

दीपाचं बोट कीबोर्डवर होतं. नवा ड्रायव्हर निवडून झाला होता. तिने एन्टर दाबलं. पडदा काळा झाला, आणि काचेत तिने बघितलं.

हात वर होता.

रोजच्यासारखा नव्हता. ताठ. बोटं फाकलेली.

"आले हं आत्या," ती म्हणाली. "हे एवढं एक."

आणि त्याच क्षणी मॉनिटरमध्ये खट् असा आवाज झाला...

चित्र आलं!

रंग आले. माऊसचा बाण आला. मधोमध एक चौकट, तिच्यात इंग्रजीत एक प्रश्न. तुम्हाला हे दिसतंय का?

दीपाने 'होय' दाबलं.

पडदा उजेडाने भरला. आणि काचेतली खोली गेली. खिडकी गेली. खाट गेली. हात गेला.

ती हसत होती. पडद्यावरच्या खिडक्या उघडत होती, मिटत होती. चित्र काढायचं एक खेळणं सापडलं, त्यात तिने सम्राटसाठी घर काढलं. लाल कौलं, पिवळं दार. किती वेळ गेला? ते तिला आजही सांगता येत नाही. तोच तर प्रश्न आहे ना. किती वेळ.

मग ती वळली. "आत्या, बघा ना, आलं चित्र..."

हात खाटेवरून खाली लोंबत होता.

डोळे उघडे होते. तिच्या पाठीकडे लागलेले.

निरोप मिळून प्रशांत धावत आला तेव्हा दीपाने ते डोळे मिटलेले होते. फुलपात्र उचलून जागेवर ठेवलेलं होतं. कॉम्प्युटर बंद होता. तिने काही ठरवून केलं नव्हतं. हातांनी आपोआप केलं.

"कशी गेली गं?" त्याने विचारलं.

"झोपेत," दीपा म्हणाली. "मलासुद्धा कळलं नाही."

प्रशांत खाली बसला. आईचा पाय मांडीवर घेतला. रडता रडता म्हणाला, "बरं झालं. जन्मभर हाल झाले तिचे. जाताना तरी हाल न्हाई झाले."

ते एक वाक्य त्याने धरलं. बुडणारा माणूस दोर धरतो ना, तसं. जो येईल त्याला तेच सांगायचा. झोपेत गेली. रात्री झोप लागेना की स्वतःलाच सांगायचा. आत्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे जमले, वंदना झाली, आत्यांचा फोटो फुलांत ठेवला. तिथेही चार लोकांसमोर उभा राहून हेच बोलला. आणि दीपाकडे हात करून म्हणाला, "माझ्या आईला शेवटपर्यंत हिनं एकटं सोडलं न्हाई."

दीपा तेव्हा लोकांना पाणी देत होती. तिने पुढच्या माणसाचा पेला भरला.

प्रज्ञा तिच्या गळ्यात पडून विचारत होती, "वहिनी, आईने शेवटचं काही मागितलं का गं?"

"नाही गं."

एकदा खोटं बोललं की माणूस त्याच्या घरी राहायला जातो. मग ते मोडायची सोय नसते.

खाट प्रशांतने भिंगारमधल्याच एका वॉचमनला देऊन टाकली. खिडकीशी मोकळी फरशी राहिली. पायांचे गंजके डाग तेवढे.

काही दिवसांनी कानिफनाथ सरांचा निरोप आला. बॅच सुरू होतेय, काय झालं? दीपाने सम्राटला छबूबाईंकडे सोडलं. टेबलाशी बसली. कॉम्प्युटर सुरू केला. अक्षरं सरसर वर गेली. पडदा काळा झाला.

चित्र येईना.

तोच ड्रायव्हर. तेच आकडे. ती वाट बघत राहिली. काचेत हळूहळू मागची खोली उमटली. खिडकी. ऊन. आणि...

खाट.

तिने गर्रकन मागे बघितलं. मोकळी फरशी. डाग.

परत काचेत बघितलं.

खाट होती. खाटेवर चादर होती. चादरीतून एक हात वर आलेला होता. ताठ. बोटं फाकलेली.

किती वेळाने कोण जाणे, मॉनिटरमध्ये खट् झालं आणि चित्र आलं. लाल कौलांचं घर नाही, काही नाही. नुसती ती चौकट. तुम्हाला हे दिसतंय का?

आणि आता पडदा उजळला तर काच भरून गेली. खाट दिसेना.

तुम्ही म्हणाल, सुटली. तिलाही क्षणभर तसंच वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिथून ती झोपेला मुकली. चित्र आलं म्हणून खाट गेली थोडीच? हात तिथेच आहे. वर. फक्त हिला दिसत नाहीये.

त्या दुपारसारखाच.

दुसऱ्या दिवशी तिने प्रशांतला मशीनसमोर बसवलं. काही न सांगता. पडदा काळा झाला. "काय दिसतंय?" तिने विचारलं.

"माझं थोबाड," तो म्हणाला. "का गं? बिघडलं का?"

त्याच्या खांद्यावरून तिला दिसत होतं. त्याच्या कानाच्या बाजूला, मागे, लांब... हात.

"अहो," ती म्हणाली, "मला या घरात कसंतरी होतंय."

प्रशांत वळला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "दीपा, आपण भुताखेतांना मानत न्हाई. आईनं हेच शिकवलं आपल्याला. दमलीस तू. तिचं सगळं केलंस, त्याचा शीण हाय."

तिचं सगळं केलंस. दीपाला वाटलं, आत्ता सांगावं. आत्ताच्या आत्ता. तोंड उघडलंही. पण त्याच्या चेहऱ्यावर ती शांती होती, त्या वाक्याने आणलेली. ती कशी काढून घ्यायची?

छबूबाईंना मात्र तिच्या तोंडावरून वास लागला. "बये, रंग बघ तुझा. काय बाहेरचं असंल तर उतारा टाकू. लिंबू मी आणते."

"आमच्यात असलं नसतं, मावशी."

"तुमच्यात न्हाई, मान्य. पर भ्या तर तुमच्यात बी हाय की न्हाई?"

दीपा हसली आणि तिचे डोळे भरले. उतारा टाकायचा तर कुणावरून? मंत्र म्हणायचा तर कशासाठी? जे खरं करायला हवं होतं ते एकच होतं, आणि ते तिला करवत नव्हतं.

त्याऐवजी तिने पाणी ठेवलं. आत्यांचं तेच फुलपात्र, काठोकाठ भरून, खिडकीशी जिथे उशाकडची बाजू होती तिथे. वेड्यासारखी बोलली, "घ्या आत्या. उशीर झाला. घ्या." मग काळ्या काचेत बघितलं.

हात तसाच.

तिने मोकळ्या फरशीवर बसून कपाळ टेकवलं. हात तसाच. आत्यांची जुनी गोधडी अंथरली. हात तसाच.

पाणी नको होतं. मग काय हवं होतं?

तिला ठाऊक होतं, असं मला वाटतं. तिने मला ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

शेवटी तिने मशीन क्लासला नेलं. चित्र येत होतं. सर खूश. "मॅडम, मानलं तुम्हाला! आता बाकीच्यांवरही चढवा." दुपारची वेळ, क्लास रिकामा. भिंतीला ओळीने कॉम्प्युटर. दीपाने सगळ्यांवर तोच ड्रायव्हर लावला, आणि सगळे एकदम सुरू केले.

अक्षरं सरसर वर गेली. ओळीने सगळे पडदे काळे झाले.

पंख्याची घरघर... मग तीही ऐकू येईनाशी झाली.

पहिल्या काचेत खिडकी उमटली. त्या क्लासला खिडकी नव्हती हो! आतली बंद खोली होती ती. पहिल्या काचेत खिडकी, दुसऱ्या काचेत खिडकी, तिसऱ्या... प्रत्येक खिडकीशी खाट. प्रत्येक खाटेवर हात.

दीपा चप्पल न घालता रस्त्यावर आली. डांबर तापलेलं होतं. ते तिला रिक्षात बसल्यावर भाजलं.

नोकरी तिने घेतली नाही. सरांना म्हणाली, पोर लहान आहे. मशीन तिथेच राहिलं. घरात पुन्हा कॉम्प्युटर आला नाही.

पावसाळा गेला. पोळा झाला, दसरा झाला. दीपा हळूहळू जेवायला लागली. काळ्या काचेकडे बघायचं नाही, एवढी एक शिस्त तिने लावून घेतली. एसटीत खिडकीशी बसायची नाही. दुकानाच्या काचेवरून नजर काढून घ्यायची. आणि वाटायला लागलं की आता संपलं. प्रशांतचं ते वाक्यही विरळ झालं होतं. तिने ठरवलं होतं, वर्षाचा कार्यक्रम झाला की त्याला सांगायचं. तोवर त्याचंही मन घट्ट होईल. मग म्हणाली, तेव्हा नको, प्रज्ञाची परीक्षा होऊ दे. असं पुढे पुढे.

थंडी पडायला लागली होती. संध्याकाळी प्रशांत कामावरून येऊन जेवायला बसला होता. दीपा भाकरी करत होती. तव्यावर भाकरी फुगली होती. सम्राट टीव्हीसमोर मांडी घालून, तोंडात बोट घालून बसला होता. त्याची मान अशी बारीक, केस कापून आणलेले, कानामागे पावडर. ते बघून तिला वाटलं होतं, चाललंय बरं आपलं.

लाइट गेली.

टीव्ही बंद पडला. दीपाने चिमणी लावली. रोजचंच होतं ते.

"सम्राट, ये जेवायला," प्रशांत म्हणाला.

सम्राट उठेना. तो बंद टीव्हीकडेच बघत होता. मान जरा वाकडी करून, शाळेत नवं पोर आल्यावर बघतात तसं.

"ये रे. लाइट आली की लागंल टीव्ही."

"मी आजीला बघतोय."

दीपाचा हात पिठात थांबला.

"कुठली आजी? तिसगावची?" प्रशांतने घास मोडत विचारलं. तिसगावला दीपाचं माहेर.

"न्हाई. आपली."

प्रशांत हसला, जरा दुखरं. "बाळा, आपली आजी झोपेत गेली ना? तुला सांगितलं होतं की न्हाई?"

"झोपली कुठं?" सम्राट म्हणाला. "हात वर केलाय."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. वास सुटला. प्रशांतने घास ताटात परत ठेवला आणि टीव्हीकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे. त्याला काही दिसलं नाही, हे दीपाला दिसलं.

मग त्याने दीपाकडे बघितलं.

पोर त्या दुपारी छबूबाईंकडे होतं. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सांगणारं होतंच कोण? दीपाने नजर तव्यावरच ठेवली. टीव्हीकडे बघायचं नाही. प्रशांतकडे बघायचं नाही.

सम्राट उठला. तिच्याजवळ आला. पीठ लागलेला तिचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि बापाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आई, तू बघितलंस तरच आजी हात खाली घेणार का?"